मुदत संपलेली पेटंटं: श्रीपूरच्या एका फिटरचे अनुभवाचे बोल

साखर कारखान्याच्या वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागलो आणि फोरमन होऊन निवृत्त झालो. गाव श्रीपूर, तालुका माळशिरस. इथं दिवस कारखान्याच्या भोंग्यावर आणि डेअरीच्या वेळेवर चालतो. घरात जनावरं पहिल्यापासून. आता धाकटा मुलगा दूध संकलन केंद्र सांभाळतो. त्यामुळं उसाची आणि दुधाची, दोन्हीकडची यंत्रं हाताखालून गेली. निवृत्तीनंतर पुण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्या पुतणीनं मोबाईलवर जुनी पेटंटं कशी शोधायची ते दाखवलं. गूगल पेटंट्स आहे, युरोपचं एस्पेसनेट आहे. पैसा लागत नाही. इंग्रजी कामापुरतं येतं, ड्रॉइंग पक्कं येतं. तेव्हापासून गेल्या शतकाच्या सुरुवातीची आणि त्याआधीची दुधाच्या, साखरेच्या यंत्रांची पेटंटं वाचायचा नाद लागला. आयटीआयची पोरं विचारतात, "काका, शंभर वर्षांपूर्वीचे कागद वाचून हाताला काय लागतं?" त्यांच्यासाठी हे मुद्दे लिहून काढले.

१. चित्राआधी तक्रार वाचा

पेटंट उघडलं की पोरं थेट ड्रॉइंगवर जातात. मी पहिले दोन-तीन परिच्छेद वाचायला लावतो. तिथं संशोधकानं आधीच्या यंत्राचं काय दुखत होतं ते लिहिलेलं असतं, आणि खरी शिकवण तिथंच असते.

स्वीडनच्या गुस्ताफ द लावाल यांचं उदाहरण घ्या. त्यांच्या आधी युरोपात मलई काढायची म्हणजे दूध पसरट भांड्यांत दिवसभर ठेवायचं आणि वर आलेली साय पळीनं काढायची. तोवर दूध आंबायला लागायचं. १८७७ साली जर्मनीत लेफेल्ट यांनी दूध गरागरा फिरवून मलई वेगळी करायचं यंत्र केलं. काम व्हायचं, पण प्रत्येक वेळी यंत्र थांबवून मलई काढावी लागायची. द लावाल यांनी त्याबद्दल जर्मन नियतकालिकात वाचलं आणि दुखणं नेमकं पकडलं: थांबणं. १८७८ साली त्यांनी न थांबता चालणारं यंत्र केलं. वरून दूध आत, एका तोटीतून मलई, दुसरीतून पातळ दूध. अमेरिकेत त्यांना याचं पेटंट १८८१ साली मिळालं, क्रमांक २,४७,८०४.

साखरेत हेच दुखणं आम्ही डोळ्यांनी पाहिलं. पाक आटवायच्या पॅनमधून आलेला मॅसक्युट, म्हणजे दाणा आणि मळी यांचा घट्ट लगदा, सेंट्रिफ्युगलमध्ये घालायचा, फिरवायचा, थांबवायचा, साखर खाली पाडायची, पुन्हा भरायचा. ही बॅच मशीन. न थांबता चालणारी कंटिन्युअस मशीन साखरेत रुळायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडला. आणि आजही चांगल्या दाण्याच्या 'ए' मॅसक्युटला बहुतेक ठिकाणी बॅच मशीनच लावतात, कारण कंटिन्युअसमध्ये दाणा आपटून फुटतो. दुधाला जे १८७८ साली जमलं ते साखरेला जमायला इतका वेळ का लागला, हे असं दाण्यातून कळतं. दुधात दाणा नसतो.

२. दावा कुठं संपतो ते बघा

पेटंटाच्या शेवटी क्रमांक घालून दावे लिहिलेले असतात. चित्रात अख्खं यंत्र दिसतं, पण हक्क असतो फक्त दाव्यात लिहिलेल्या तेवढ्या भागावर. १९०० ते १९१५ या काळातली क्रीम सेपरेटरची पेटंटं चाळली की हे चांगलं कळतं. पानभर चित्र पूर्ण मशीनचं, आणि दावा कुठं तेलाच्या वाटेचा, कुठं चकत्यांमधल्या अंतराचा, कुठं बाऊल धुवायला सोपा जावा म्हणून केलेल्या एका खाचेचा.

हातानं फिरवायच्या जुन्या सेपरेटरच्या हँडलला एक छोटी घंटी असते. हँडल हळू फिरत असलं की ती प्रत्येक फेऱ्याला वाजते. मिनिटाला साठेक फेरे झाले की तिचा लोलक बाहेर फेकला जातो आणि ती गप्प होते. घंटी थांबली की दुधाची तोटी उघडायची. हातात घड्याळ नसलेल्या बाईलाही वेग कळावा म्हणून केलेली ही सोय. एवढ्याशा गोष्टीवरही माणसांनी डोकं चालवलं आणि कागद केले. म्हणून कुणी "याचं पेटंट आहे" म्हणून छाती पुढं काढली, तर आदरानं विचारावं, "कशाचं? दावा दाखवा."

३. एका धंद्याचं उत्तर दुसऱ्या धंद्यात सापडतं

आमच्या बॉयलिंग हाऊसमधला व्हॅक्यूम पॅन एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड या इंग्रजाच्या १८१३ सालच्या पेटंटातून आला. पॅनमधली हवा ओढून घेतली की पाणी शंभर अंशांऐवजी पासष्ट-सत्तर अंशांलाच उकळतं, आणि पाक करपत नाही, तांबूस होत नाही.

दुधाचंही दुखणं तेच. चुलीवर बासुंदी आटवणाऱ्या बाईला विचारा, हात थांबला की तळाला लागलीच. अमेरिकेत गेल बोर्डन यांनी साखरेकडची ही युक्ती दुधाला लावली. पेटंट ऑफिसनं आधी त्यांचा अर्ज फेटाळला. निर्वात भांड्यात आटवण्यात नवीन ते काय, असा त्यांचा सवाल. शेवटी १९ ऑगस्ट १८५६ रोजी पेटंट मिळालं आणि डब्यातल्या कंडेन्स्ड मिल्कचा धंदा उभा राहिला.

दुसरं उदाहरण नोर्बेर रिलिए यांचं. न्यू ऑर्लिन्सचे, आई कृष्णवर्णीय, काळ अमेरिकेतल्या गुलामगिरीचा. त्यांनी १८४३ आणि १८४६ साली घेतलेल्या पेटंटांवर आजचा इव्हॅपोरेटर, म्हणजे रस आटवायच्या भांड्यांचा (बॉड्यांचा) संच, उभा आहे. पहिल्या बॉडीत रस उकळला की निघणारी वाफ वाया घालवायची नाही. ती दुसऱ्या बॉडीला तापवायला द्यायची, दुसरीची तिसरीला. प्रत्येक पुढच्या बॉडीत हवेचा दाब आधीपेक्षा कमी, म्हणून कमी गरम वाफेवरही तिथला रस उकळतो. चार बॉड्यांचा संच असला तर ढोबळ हिशेबानं एक किलो वाफेत चार किलोच्या आसपास पाणी उडतं. कारखाना आपल्याच बगॅसवर, म्हणजे उसाच्या चोथ्यावर, चालतो, वरून कोळसा घ्यावा लागत नाही, याचं मोठं श्रेय या युक्तीला. दूध पावडरच्या प्लँटमध्येही पावडर करण्याआधी दूध आटवतात ते याच पद्धतीनं. साखरेतला इव्हॅपोरेटर ऑपरेटर दुधाच्या प्लँटवर गेला तर त्याला स्वच्छतेचे नियम नवे वाटतील, यंत्र नवं वाटणार नाही.

म्हणून आपल्या धंद्यात अडलं की शेजारच्या धंद्याची पेटंटं आधी बघावीत.

४. यंत्र गावात येतं ते पाण्यानं आणि कायद्यानं

रिलिए यांचं पेटंट १८४३ चं. आमच्या भागात साखर कारखाने आले १९३० च्या दशकात. मधली नव्वद वर्षं ही युक्ती जगाला माहीत होती, तिची मुदतही केव्हाच संपली होती. मग माळशिरसच्या माळावर ती का आली नाही? ऊस नव्हता. ऊस नव्हता कारण पाणी नव्हतं. भाटघरचं धरण १९२८ साली पुरं झालं, नीरा उजवा कालवा आला आणि या भागात ऊस उभा राहिला. त्यातच १९३२ साली सरकारनं बाहेरच्या साखरेवर संरक्षक जकात बसवणारा कायदा केला. देशात तीसेक साखर कारखाने होते ते पाच वर्षांत सव्वाशेच्या वर गेले.

आमचं श्रीपूर त्या लाटेतलं. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटची स्थापना केली. शेजारी माळीनगरला सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली स्वतःची कंपनी काढली, पलीकडं इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंद यांचं वालचंदनगर उभं राहिलं. एका दशकात, नीरेच्या पाण्याच्या जिवावर.

नव्या यंत्राची जाहिरात बघून खूळ भरलेल्या तरुणांना मी हेच सांगतो. यंत्र कितीही चांगलं असो, त्याच्या तोंडाला कच्चा माल लागतो आणि मालाला भाव लागतो. आधी ते दोन हिशेब करा.

५. मोठी सुधारणा छोट्या पत्र्यात असते

द लावाल यांच्या पहिल्या सेपरेटरचा बाऊल आतून मोकळा होता. १८८८ साली जर्मनीत क्लेमेन्स फॉन बेख्तोल्सहाइम यांनी त्यात एकावर एक शंकूच्या आकाराच्या पातळ चकत्या घालायची कल्पना पेटंट केली. यामुळं दुधाचे पातळ थर होतात. मलईचा कण एका थरातून सुटून बाजूला जायला जे अंतर कापायचा ते काही सेंटिमीटरवरून मिलिमीटरच्या आत आलं. तेवढ्याच बाऊलमधून कितीतरी पट दूध जाऊ लागलं.

यात मला द लावाल यांचा मोठेपणा दिसतो. स्वतः मूळ संशोधक असून त्यांनी लगेच ते पेटंट विकत घेतलं आणि त्यावर 'आल्फा' नावाची मशीनं काढली. "माझं यंत्र, माझीच अक्कल" असा हट्ट धरला नाही. त्याच कंपनीची पुढची पिढी म्हणजे आल्फा लावाल. पुण्याजवळ दापोडीला तिचा कारखाना आहे.

आमच्या घरी जुना सेपरेटर आहे. धुताना चकत्या एका तारेत ओवून ठेवायच्या, कारण त्यांवर क्रमांक आहेत आणि त्याच क्रमानं बसवाव्या लागतात. एक चकती मागंपुढं झाली की बाऊल नीट बसत नाही, बसलाच तर वेगात थरथरतो आणि पातळ दुधात मलई जायला लागते. मलईचा स्क्रू आत-बाहेर केला की मलई घट्ट किंवा सैल येते. अर्धा फेरा पुरतो. सायीच्या दुधाला ज्या बाईचा हात बसलाय, तिला हे दोन दिवसांत जमतं. चकत्यांच्या पेटंटानंतर काही वर्षांनी फ्रान्समध्ये ओगुस्त गोलँ यांनी उलटं यंत्र काढलं. १८९९ च्या त्यांच्या पेटंटात दूध बारीक फटीतून दाबानं सोडून मलईचे कण इतके लहान करायचे की ती वर येऊच नये. होमोजिनाइज केलेल्या दुधाला जाड साय धरत नाही याचं मूळ तिथं आहे.

६. यंत्राआधी जनावराकडं बघा

दूध काढायच्या मशीनची जुनी पेटंटं वाचण्यासारखी आहेत. एकोणिसाव्या शतकातली बरीचशी मशीनं सतत ओढ लावायची. सडाला सूज यायची, रक्त उतरायचं, गाय लाथ मारायची. शेवटी लोकांनी वासराकडं पाहिलं. वासरू सतत ओढत नाही. ओढतं, सोडतं, गिळतं, पुन्हा ओढतं. त्यावरून ओढ-सोड करणारा पल्सेटर आला, दुहेरी भिंतीचा कप आला. ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर गिलिस यांनी १९०३ च्या सुमारास त्यात हवा सोडायची सोय केली, त्यामुळं नळीत दूध तुंबेना. तिथून मशीन गोठ्यात टिकू लागलं.

आज आमच्याकडं एचएफ गायींच्या गोठ्यांत हेच मशीन आहे. पल्सेटर मिनिटाला साठेक ठोके देतो. गाय अस्वस्थ झाली की मालक कंपनीला फोन लावतो. मी आधी तीन गोष्टी बघतो: व्हॅक्यूमचा काटा नेमून दिलेल्या खुणेवर आहे का, पल्सेटरचा ठोका एकसारखा आहे का, आणि लायनरचं, म्हणजे कपाच्या आतल्या नळीचं, रबर चिरलंय का. रबरी लायनर साधारण अडीच हजार धारांनंतर बदलायचा असतो. दहा गायींच्या गोठ्यात दोन वेळच्या धारा धरल्या आणि चार कपांचा एकच क्लस्टर असला, तर हा आकडा चार महिन्यांत भरतो. लोक तो फाटेपर्यंत वापरतात आणि मस्टायटिसचं, म्हणजे कासेच्या सुजेचं, बिल डॉक्टरला देतात.

७. गरज लहान असली तरी उत्तर लांब जातं

सेपरेटरला वेग हवा. वाफेच्या साध्या इंजिनाला पट्टे, गिअर लावून तो आणायचा म्हणजे खटाटोप. म्हणून द लावाल यांनी वाफेचं टर्बाइनच केलं, आणि १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्यासाठी एक खास तोटी बनवली: आधी निमुळती होत जाणारी, मग पुन्हा रुंदावणारी. त्या आकारानं वाफेचा वेग आवाजाच्या वेगापलीकडं जातो. आज रॉकेटच्या मागच्या बाजूला जी घंटेसारखी तोटी दिसते ती याच आकाराची, आणि तिला नावही द लावाल यांचंच आहे. श्रीहरिकोट्याहून उडणाऱ्या यानाचं नातं मलईच्या यंत्राशी आहे, हे पोरांना सांगितलं की ती हसतात; मग पेटंट दाखवतो.

गावातल्या पोरांना आपली कामं लहान वाटतात. गोठ्यातलं, गुऱ्हाळातलं काम लहान नसतं. नीट सोडवलं तर त्याचं उत्तर कुठंही लागू पडतं.

८. न घेतलेल्या पेटंटाचाही हिशेब ठेवा

दुधातलं फॅट मोजायची सोय नव्हती तेव्हा सगळीकडं मापावर पैसे मिळायचे, आणि पाणी घालणारा फायद्यात राहायचा. अमेरिकेत विस्कॉन्सिनच्या स्टीफन बॅबकॉक यांनी १८९० साली सोपी चाचणी काढली आणि पेटंट न घेता ती सर्वांसाठी खुली केली. त्याच सुमारास स्वित्झर्लंडच्या निकलाउस गेर्बर यांनी आपली पद्धत काढली, तिचं पेटंट घेतलं आणि उपकरणांचा धंदा उभा केला. अमेरिकेत बॅबकॉक रुजला, युरोपात आणि आपल्याकडं गेर्बर. दोन्ही रस्त्यांनी शेतकऱ्याचं भलं झालं. पेटंट घेणारा लोभी आणि न घेणारा संत, अशी वाटणी मी म्हणूनच करत नाही.

गेर्बरची चाचणी एकदा स्वतः करून बघावी. ब्युटिरोमीटरच्या काचनळीत आधी १० मिली सल्फ्युरिक ॲसिड. मग १०.७५ मिली दूध, काचेच्या कडेनं हळू सोडायचं, नाहीतर उसळतं. मग १ मिली अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी हाताला चटका देते आणि आतला रंग चॉकलेटी होतो. ॲसिडनं दुधातली प्रथिनं विरघळवली म्हणून फॅट मोकळं होतं. सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटाला ११०० फेऱ्यांनी चार-पाच मिनिटं फिरवायचं, पासष्ट अंशांच्या पाण्यात धरायचं, आणि वरचा पिवळा थर आकड्यावर वाचायचा.

आता केंद्रावर मिल्क ॲनालायझर असतो, मिनिटाभरात फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून बाकीचे घन घटक) सांगतो. पण तो काही काळानं कॅलिब्रेट करावा लागतो आणि त्यासाठी अजूनही गेर्बरचाच आधार घेतात. गायीच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर धरतात, म्हशीचा ६ आणि ९ वर. पॉइंटाच्या दहाव्या भागावर पैसे कमी-जास्त होतात. शंका आली तर भांडू नका. गेर्बर लावायला सांगा आणि समोर उभं राहून आकडा वाचा. मुलाच्या केंद्रावर आम्ही हा नियम भिंतीवर लिहून ठेवलाय.

९. पेटंट आणि धंदा या दोन वेगळ्या गोष्टी

आपल्या मराठी माणसांचीच दोन उदाहरणं आहेत. शंकर आबाजी भिसे, जन्म १८६७, मुंबईचे. लंडनला गेले, छपाईचे खिळे झपाट्यानं ओतणारी 'भिसोटाइप' यंत्रं केली, देशोदेशी पेटंटं घेतली. सर रतन टाटांनी भांडवल दिलं. पुढं ते न्यूयॉर्कला गेले आणि १९३५ साली तिथंच वारले. त्यांना भारताचा एडिसन म्हणायचे. डोकं अफाट, पेटंटं भरपूर. पण त्यांच्या यंत्राचा मोठा कारखाना आपल्याकडं उभा राहिला नाही.

दुसरे लक्ष्मणराव किर्लोस्कर. बेळगावात सायकलच्या दुकानानं सुरुवात, मग कडबाकुट्टी, १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. लोखंडानं जमीन नासते असा समज असलेल्या काळात नांगर खपायला दम धरावा लागला. १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयानं कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि नांगर, उसाचे चरक, पंप असं एकेक यंत्र काढत गेले. त्यांनी आधी गिऱ्हाईक शोधलं, त्याची अडचण ऐकली, मोडलेला भाग बदलून दिला आणि त्यातून नाव कमावलं.

तिसरं उदाहरण आपल्या माणसांचं नाही, पण आपल्या मुंबईचं आहे. लार्सन आणि टुब्रो या दोन डॅनिश इंजिनिअरांनी १९३८ साली मुंबईत डेन्मार्कची डेअरी यंत्रं विकायला सुरुवात केली. १९४० साली जर्मनीनं डेन्मार्क व्यापला, माल यायचा बंद झाला, आणि त्यांनी छोट्या वर्कशॉपात दुरुस्ती-बनावट सुरू केली. आजची प्रचंड एल अँड टी तिथून आली. दुकान चालवायला पेटंट लागतंच असं नाही. वेळेवर मिळणारा सुटा भाग मात्र लागतोच.

१०. पेटंटात सगळं लिहिलेलं नसतं

हा मुद्दा मी पोरांकडून तीनदा म्हणवून घेतो. पेटंटात युक्ती असते. पोलादाची जात, बसवणुकीची सूट, वेल्डिंगची पद्धत, तोल साधायची हातोटी बहुधा नसते.

साधा हिशेब करा. सेपरेटरचा बाऊल दहा सेंटिमीटर त्रिज्येचा आणि मिनिटाला सात हजार फेरे. कडेला पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या साडेपाच हजार पट होतो. साखरेचं सेंट्रिफ्युगल दिसायला राक्षस, बाराशे मिलिमीटर व्यासाचं. पण अकराशे फेऱ्यांना त्यातला जोर आठशे पटच. म्हणजे टेबलावर मावणारा सेपरेटर त्याच्या सहा-सात पट जोर काढतो. असा बाऊल गावच्या लेथवर "घासून नीट करतो" म्हणणाऱ्याला मी दारातूनच परत पाठवतो. तोल एक ग्रॅमनं चुकला तरी त्या कडेला साडेपाच किलोचा धक्का प्रत्येक फेऱ्याला बसतो. हँडल, गिअर, बुश, पत्र्याचं स्टँड, दुधाची टाकी हे इथं बनवा. बाऊल कंपनीचाच घ्या.

११. मुदत संपते, नाव संपत नाही

आपल्याकडं पेटंटासारखा पहिला कायदा १८५६ चा; त्याखालचा पहिला अर्ज कलकत्त्याच्या डी पेनिंग यांचा, पंखा ओढायच्या यंत्रासाठी. मग १९११ चा कायदा आला, मुदत चौदा वर्षं. १९३० साली ती सोळा झाली. स्वतंत्र भारताचा कायदा १९७० चा, आणि आता मुदत अर्ज केल्यापासून वीस वर्षं. ती संपली की युक्ती सर्वांची. शिवाय पेटंट ज्या देशात घेतलं तिथंच चालतं.

पण नावाचं तसं नसतं. ट्रेडमार्कचं नूतनीकरण करत राहिलं तर तो चालूच राहतो. इंग्लंडमधल्या डर्स्लीची लिस्टर कंपनी एके काळी 'अलेक्झांड्रा' नावाचे क्रीम सेपरेटर विकायची. पुढं तिचं डिझेल इंजिन जगभर गेलं. त्याच धाटणीची इंजिनं राजकोटला बनू लागली आणि आपल्या विहिरींवर वर्षानुवर्षं टुकटुकत राहिली. धाटणी उचलायला हरकत नाही. दुसऱ्याच्या नावाची पट्टी ठोकली की मात्र फसवणूक झाली, गिऱ्हाइकाचीही आणि आपलीही.

१२. आपली युक्ती दाखवण्याआधी लिहून काढा

आपली पोरं जुगाड करतात, आधी व्हिडिओ टाकतात, मग पेटंटाची चौकशी करतात. उलटं करा. जगजाहीर झालेल्या गोष्टीला नवेपणा उरत नाही. आधी तात्पुरता अर्ज द्यावा, त्यानंतर पूर्ण अर्ज द्यायला बारा महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाइन अर्जाची फी १६०० रुपये आहे. तपासणीची वेगळी लागते. शेतीच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही, पण अवजाराला मिळू शकतं.

पेटंट घ्यायचं नसलं तरी लिहून ठेवा, तारीख घाला, छापून आणा. हळदीनं जखम भरते याचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं जुने ग्रंथ आणि छापील लेख पुढं ठेवले, आणि १९९७ साली ते रद्द झालं. आजी सांगायची, एवढ्यानं भागलं नसतं. कागद होता म्हणून जिंकलो.

शेवटी पोरांना एवढंच सांगणं. ऑफ-सीझनला हातात वेळ असतो. दर आठवड्याला एक मुदत संपलेलं पेटंट वाचा: तक्रार, दावा, ड्रॉइंग, या क्रमानं. न कळलेल्या शब्दासाठी पुतण्या-भाचीला विचारा, लाजू नका. मग आपल्या गोठ्यातलं नाहीतर बॉयलिंग हाऊसमधलं एक दुखणं निवडा आणि त्यावर काम करा. जमलं तर त्यावर स्वतःचं नाव घाला आणि सुटे भाग कायम शिल्लक ठेवा.